आईची चिठ्ठी

तिसऱ्यांदा चिठ्ठ्या वहीशी जुळवूनही आईची चिठ्ठी सापडली नाही, तेव्हा ताईने चष्मा काढून चर्चच्या कचेरीतल्या टेबलावर ठेवला आणि स्वतःलाच बजावलं, "घाबरू नकोस. असेल इथेच कुठेतरी."

घाबरली तर ती होतीच. शनिवारचे अडीच वाजले होते. पाच वाजता मतदारांची यादी चर्चच्या दारावर लावायची होती, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी लेखी कळवलं होतं की नुसती वही चालणार नाही, वहीतलं प्रत्येक नाव वर्षभराच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलेलं हवं. एक पत्र दादाच्या सहीचं होतं, दुसरं धाकट्या भावाच्या. विश्वास नाही, एवढ्याच एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

चिठ्ठीची पद्धत ओळखीच्या बाकी ल्यूथरन मंडळ्यांमधून केव्हाच गेली. इथे बाबांनी, पाळक होते तोवर, ती हट्टाने टिकवली, आणि पुढेही ती चालूच राहिली. ज्याला महिन्याच्या प्रभुभोजनाला, वेदीपाशी भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, यायचं त्याने आदल्या शनिवारपर्यंत पेटीत चिठ्ठी टाकायची. वर नाव, आणि खाली छापलेला एकच प्रश्न: कोणाशी वैर आहे का? उत्तर स्वतःच्या हाताने लिहायचं. 'आहे' लिहिलं, तर ते मिटेपर्यंत भोजन घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही. सगळे 'नाही' लिहायचे, हे काय सांगायला हवं? बाबा म्हणायचे, खोटंच बोलायचं असेल तर माणसाने निदान पेन हातात धरून बोलावं. ते हसत म्हणायचे म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

चिठ्ठ्यांवरून नावं वहीत उतरवायचं काम अठरा वर्षं ताईकडे होतं. नोकरी तिची प्रयोगशाळेत, रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायची. चुकीचं नाव लागलं तर काय होतं हे तिच्याइतकं या घरात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी नाव तिनेच चुकवलं होतं. झालं असं की बाबांच्या वेळेपासून वहीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ आईची असायची. ऑर्गन तीच वाजवणार, ती असणारच, म्हणून बाबा ते नाव आधीच लिहून ठेवत. ताईनेही डोळे मिटून तेच चालू ठेवलं. नवं पान, पहिली ओळ आईची, मग बाकीच्या चिठ्ठ्या. आईची चिठ्ठी आहे की नाही हे कोण बघतंय?

आज बघितलं. गेल्या अकरा महिन्यांत आणि उद्यासाठीही, म्हणजे वर्षभरात, तिची एकही चिठ्ठी नव्हती; आणि वर्षात एकदाही भोजन न घेतलेल्याला मत नसायचं.

त्याआधीच्या तीन महिन्यांच्या होत्या. तिसरीच्या मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. ताईने चष्मा पुन्हा लावला. आईचं बारीक, जपून लिहिलेलं अक्षर: 'मी वर आहे.'

वर म्हणजे ऑर्गनच्या गॅलरीत, हे तिला लगेच कळलं. पण हे कोणाला सांगितलं होतं, आणि का, ते कळेना. तिने फोन उचलला आणि शेजारच्या घरात दादाला बोलावलं. बोलावून झाल्यावर तिने यादीतली नावं पुन्हा मोजली: एकोणऐंशी. एकोणचाळीस दादाकडची, एकोणचाळीस धाकट्याकडची, आणि एक आई.

*

दादा आला तो घरातल्या सपाता घालूनच. गेल्या आठवड्यात त्याची झोप उडाली होती आणि दाढी करताना दोनदा गाल कापला होता. त्याची बायको दवाखान्यात पाळीवर होती. जाण्यापूर्वी तिने स्वयंपाकघराची वरची फळी रिकामी करून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली होती. "धूळ बसते," एवढंच म्हणाली. पाळकाचं घर चर्चचं होतं. उद्या मतदान होऊन मंडळी सिनॉडमधून, म्हणजे बिशपच्या संघातून, बाहेर पडली की सिनॉडने नेमलेला पाळक म्हणून दादा महिन्याभरात त्या घरातून बाहेर, हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर दोघं अक्षर बोलत नव्हते.

"आई शेवटची भोजनाला कधी आली?" ताईने विचारलं.

"हा काय प्रश्न? दर महिन्याला असते."

"असते हे मलाही दिसतं. ऑर्गन ऐकू येतो ना. घेते कधी? तू देतोस?"

"मी नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो जिना मला चढवत नाही. तो देतो."

"तो म्हणजे?"

दादाने धाकट्याचं नाव घ्यायचं टाळलं. "चर्चच्या कारभारी मंडळाच्या सभासदाने गॅलरीतला वाटा वर न्यावा, असं मी लिहून दिलं होतं. प्याला त्याच्याच हातात असतो. भाकरीचे तुकडे खाली डबीत ठेवून दिले की झालं. बाबा गेल्यानंतर लगेच लिहिलं होतं."

बाबा निवृत्त झाल्यावरही हे एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. सगळ्यांना देऊन झालं की शेवटच्या गीताआधी छोटी डबी घेऊन ते तो अरुंद जिना चढायचे आणि आपल्या बायकोला स्वतःच्या हाताने द्यायचे. बाबांना माती देऊन आल्यावर, त्याच आठवड्यात, बिशपचं पत्र आलं. शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चशी करार झाला होता. यापुढे दोन्ही चर्चना एकच भोजन, त्यांचे पाळक इकडे, आपले तिकडे. ज्या मंडळीला मान्य असेल तिने राहावं, नसेल तिने मतदान करून बाहेर पडावं. त्या दिवसापासून दोन भावांमध्ये बोलणं बंद. सगळा व्यवहार पत्रांनी.

"तू लिहिलंस, पण त्याने नेलं का? विचारलंस?"

"मी त्याला कसं विचारणार?" दादा म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य त्याला ऐकू आलं.

मग ताईने त्याच्यासमोर ती तिसरी चिठ्ठी उलटी करून ठेवली. दादाने वाचली. त्याच्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते त्याने तेव्हा सांगितलं नाही, पण आलं ते असं: आई गेली यादीतून, तर एकोणचाळीसला एकोणचाळीस. बरोबरीत सिनॉड सोडण्याचा ठराव पडतो. ठराव पडला की घर वाचतं. एवढं सगळं एका क्षणात त्याच्या डोक्यातून सरकून गेलं, आणि मग त्याला इतकी लाज वाटली की तो खुर्चीवर मटकन बसला.

*

तीन वाजता धाकटा यादी तपासायला आला, बायकोला घेऊन. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्याच्या डोळ्याला काय दिसतंय हे विचारून विचारून त्याची बोलण्याची पद्धतच तशी झाली होती: असं बघितलं तर बरं, की तसं? दादाला खोलीत पाहून तो दारातच थांबला आणि ताईकडे तोंड करून म्हणाला, "पाळकसाहेब आधीच येऊन बसलेत वाटतं. यादी एकत्र बघायची ठरली होती."

"त्याला सांग," दादा ताईला म्हणाला, "मी यादीसाठी आलेलो नाही."

"मी काही सांगणार नाही," ताई म्हणाली. "तुम्हा दोघांना कान आहेत. गॅलरीत आईला कोण देतं?"

"हे," धाकटा बोट न दाखवता म्हणाला. "ते पाळकाचंच काम. मंडळाला पत्र आलं होतं, आम्ही लगेच उत्तर दिलं की सभासदाने भोजनाचा वाटा एकट्याने वर नेणं आपल्या शिकवणीत बसत नाही, पाळकानेच न्यावा. सगळ्यांनी एकमताने मंजूर केलं. तारीखवार आहे माझ्याकडे."

ताईने दादाकडे पाहिलं.

"त्या महिन्यात मंडळाची नऊ पत्रं आली," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "चौथ्यानंतर मी उघडणं सोडून दिलं."

भिंतीपलीकडून ऑर्गनचा आवाज येत होता. आई उद्याच्या गीतांचा सराव करत होती. एकच ओळ ती परत परत वाजवत होती, शेवटी अडखळत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"म्हणजे," धाकट्याची बायको हळूच म्हणाली, "वर कोणीच गेलं नाही?"

"चौदा महिने," ताई म्हणाली. "तीन महिने तिने चिठ्ठी टाकली. मग तीही बंद. आणि मी वहीत तिचं नाव लिहीत राहिले. माझी चूक आहे, मी कबूल करते. पण आता मी काय लावू दारावर? नियम स्पष्ट आहे. वर्षात एकदाही आलेली नाही, तर मत नाही."

धाकटा चष्म्याच्या काड्या बोटांत फिरवत होता. त्याचाही हिशेब दादाइतक्याच वेगाने झाला, फक्त उलटा. आई नाही तर ठराव पडला. चौदा महिन्यांची धावपळ, दारोदार जाऊन समजावणं, सगळं पाण्यात. आणि नेमकं आजच? त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली की तो टोचून बोलायचा.

"वा! बरोबर वेळेला सापडलं," तो म्हणाला.

"काय म्हणालास?" दादा उठला. चौदा महिन्यांत त्याने भावाला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द.

"म्हणालो की वर्षभर कोणाला पत्ता नव्हता, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांच्या सोयीचं नाव बरोबर गळलं."

"माझ्या सोयीचं? आईचं मत तुझ्याकडे आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"आणि तुझ्याकडे नाही हे तुला कोणी सांगितलं, म्हणून तू एवढा घाबरलायस?"

खरं तर दोघांनाही कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. आई दोघांकडे जेवायला जायची, दोघांचं ऐकायची, मीठ कमी आहे म्हणायची आणि घरी यायची. दोघांनाही खात्री होती की ती आपल्याच बाजूची आहे, आणि दोघांनाही रात्री ती खात्री डळमळीत वाटायची.

"उघडा दरवाजा करायचाय ना तुला," धाकट्याचा आवाज चढला. "कोणीही या, शिका न शिका, बसा टेबलाशी! मग हिला का थांबवलं होतंत? लग्न होऊन ही या घरात आली तेव्हा वर्षभर मागच्या बाकावर बसवलीत. वेगळ्या चर्चमधली म्हणून. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ करवून घेतलीत, दृढीकरणाचा विधी झाला, तेव्हा कुठे वेदीच्या कठड्याशी येऊ दिलंत. बाबांनी केलं, आणि तू त्यांच्या शेजारी उभा होतास. तेव्हा ते बरोबर होतं, आणि आता बिशपने सही केली की चूक?"

"तेव्हाही चूकच होतं!" दादा ओरडला. "म्हणूनच तर! दर महिन्याला मी तिला मागच्या बाकावर बघायचो आणि मला—"

"माझ्याबद्दल बोलताय दोघं," धाकट्याची बायको म्हणाली. ती इतकी क्वचित बोलायची की दोघं थांबले. "एक जण म्हणतो माझ्यासाठी बाहेर पडायचं, दुसरा म्हणतो माझ्यासाठी राहायचं. मला विचारलंत का कधी? तिथे बसल्यावर काय वाटतं ते सांगू? पंथ, करार, काही डोक्यात येत नाही. सगळे पुढे जातात, परत येतात, तोंड पुसतात. आपण बाकाच्या कडेला पाय आवळून त्यांना वाट देतो. एवढंच." तिने टेबलावरची चिठ्ठी बोटाने सरळ केली. "मी तरी खाली होते. मला निदान लोक दिसत होते. सासूबाईंना तर तेही नाही."

पलीकडे ऑर्गन थांबला होता. कधी थांबला ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

*

ऑर्गनचे मऊ तळव्याचे बूट हातात घेऊन आई मोज्यांवरच आत आली. दारातून तिने आधी ताईकडे पाहिलं, मग टेबलावर दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांकडे, आणि तिला कळलं. या दिवसाची ती बरेच महिने वाट पाहत होती असं नाही. उलट हा दिवस येऊ नये म्हणून ती देवाजवळ मागत होती.

"एवढ्या मोठ्याने भांडता," ती म्हणाली, "की मला ताल सापडेना."

"आई, तू सांगितलं का नाहीस?" दादाने विचारलं. त्याचा आवाज पाळकाचा राहिला नव्हता, सात-आठ वर्षांच्या पोराचा झाला होता.

आई खुर्चीवर बसली. बूट तिने मांडीवर ठेवले. "कोणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर तू त्याच्याविरुद्ध पत्र लिहिलं असतंस. त्याला सांगितलं असतं तर त्याने तुझ्याविरुद्ध ठराव केला असता. माझं नाव घालून. मला त्या कागदांत जायचं नव्हतं."

"पहिल्या महिन्यात..." ताईने सुरुवात केली.

"पहिल्या महिन्यात मी थांबले. सगळे कठड्यावरून परत गेले, मी वाजवत राहिले. एक गीत संपलं, दुसरं घेतलं, तेही संपलं. लोक घड्याळ बघायला लागले. वाटलं, तुझा गुडघा दुखत असेल, हळू येत असशील. मग तू आशीर्वाद दिलास आणि मी शेवटचं गीत वाजवलं. दुसऱ्या महिन्यात वाटलं, विसरले असतील, बाबांच्या दुःखात आहेत. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठीवर लिहिलं. ती कोणी उलटी करून बघितली नाही."

ताईने तोंडावर हात धरला. ती रडत होती आणि आवाज न करण्याचा प्रयत्न करत होती.

"कीबोर्डवर आरसा आहे ना, वेदी दिसावी म्हणून," आई पुढे म्हणाली. "त्यात मला दर महिन्याला तुम्ही दोघं दिसता. हा भाकरी देतो, हा प्याला. एकमेकांकडे न बघता बाजूला सरकता. लोकांना वाटतं काय शिस्त आहे! मी वाजवताना रडले तरी कोणाला कळत नाही, पाठ असते ना सगळ्यांकडे. तुम्ही कोणाला टेबलाशी येऊ द्यायचं यावर भांडत होता, आणि मला भूक लागली होती रे."

हे ती सहज म्हणाली, चहा निवला असं म्हणावं तसं. धाकटा मागे सरकला. त्याने कपाटाला पाठ टेकली.

आणि तरी स्वभाव जात नाही. तो पटकन म्हणाला, "आई, अजून वेळ गेलेली नाही. पाचपर्यंत चिठ्ठी टाकता येते. तू आत्ता लिही. उद्या सकाळी मी स्वतः डबी घेऊन वर येतो, सगळ्यांच्या आधी. म्हणजे वर्षाची अट पूर्ण होते आणि सभेत..."

तो मध्येच थांबला, पण उशीर झाला होता.

"उद्या आणशील?" आई म्हणाली. "मतदानाच्या दिवशी?"

त्याचे कान लाल झाले. दादाला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि आईने तेही ओळखलं.

"तू नको खूश होऊस," ती त्याच्याकडे वळली. "माझं नाव खोडलं की तुझं घर वाचतं, हे तुझ्याही डोक्यात आलं असणारच. खोटं आहे म्हणून सांग मला."

दादाने मान खाली घातली. "आलं," तो म्हणाला. "सगळ्यात आधी तेच आलं."

"मला मत द्यायचं असतं तर काय दिलं असतं, विचारू नका. मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं. कधी वाटतं दार उघडं ठेवावं, कधी वाटतं तुमच्या बाबांनी जे जपलं ते असं एका सहीने का जावं. मी म्हातारी बाई आहे, मला दोन्ही वाटतं." तिने ताईकडे हात केला. "ते गठ्ठे दे. माझ्या नको, यांच्या चिठ्ठ्या काढ. उद्याच्याही."

ताईने डोळे पुसले आणि दोरे सोडले. दर महिन्याच्या गठ्ठ्यातून तिने दोन-दोन चिठ्ठ्या वेगळ्या केल्या, उद्याच्या पेटीतूनही. तिला कामाची सवय होती, बोटं भराभर चालत होती. टेबलावर दोन रांगा लागल्या. पंधरा दादाच्या, पंधरा धाकट्याच्या. कोणाशी वैर आहे का? नाही. नाही. नाही. एका महिन्यात तर धाकट्याने घाईत नुसतीच रेघ ओढली होती.

"वाचू?" ताईने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "त्यांना वाचता येतं."

भिंतीवरचं घड्याळ चार वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. धाकट्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग नजर वळवली. तिला वाटत होतं की आता जो आधी बोलेल तो दुसऱ्याला दोष देईल, आणि मग हे घर पुन्हा कधी एका खोलीत बसणार नाही. तिने पदराचं टोक घट्ट पिळलं.

आधी हलला दादा. त्याने उद्याची स्वतःची चिठ्ठी पुढे ओढली, ताईच्या हातातलं पेन घेतलं आणि 'नाही' वर काट मारली. खाली लिहिलं: आहे. मग थोडं थांबून, कोणाशी तेही लिहिलं. धाकट्याचं लहानपणचं घरातलं नाव, जे शाळेत गेल्यापासून कोणी वापरलं नव्हतं. मग त्याने पेन टेबलावर ठेवलं, धाकट्याच्या बाजूला.

धाकट्याने पेन उचललं नाही. "मी लिहिलं तर मी प्याला धरू शकत नाही," तो म्हणाला. अजूनही तो ताईलाच सांगत होता, पण आवाज बदलला होता.

"मी लिहिलंय," दादा म्हणाला. "म्हणजे मी भाकरी देऊ शकत नाही."

"म्हणजे उद्या भोजनच नाही." ताईने वही मिटली. "आणि भोजन नाही तर सभा नाही! बाबांचा नियम आहे, टेबलावरून उठल्याशिवाय सभा बसत नाही. दादा, सोमवारी बिशपला उत्तर जायला हवं. नाही गेलं तर ते परस्पर ठरवतील. कदाचित तुझी बदलीच करतील. एकोणऐंशी माणसं उद्या येणार आहेत, लांबून गाड्या करून येणार आहेत, त्यांना काय सांगायचं?"

"खरं सांगायचं," आई म्हणाली.

"सोपं आहे तुला म्हणायला!" धाकटा फिरला. "लोक तोंडावर थुंकतील. माझ्या बाजूचे म्हणतील मी ऐन वेळी कच खाल्ली. याच्या बाजूचे म्हणतील याला हरायची भीती वाटली. दोघंही जाणार यात, आई. दोघंही!"

"जाल," आई म्हणाली. "मला माहितेय. मला त्याची भीती वाटत नाही असं समजू नका." तिने मांडीवरचे बूट सरळ केले. "म्हणून तर मी चौदा महिने गप्प बसले. पण तुम्ही खोटं लिहून मला भरवणार असाल, तर मला नको."

धाकट्याने पेन उचललं. लिहिताना त्याने इतका जोर दिला की कागद फाटला. मग दुसरी कोरी चिठ्ठी घेऊन त्याने पुन्हा लिहिलं, नीट, सही करून. ताईने दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या आणि त्या कुठे ठेवायच्या हे न कळून हातातच धरून ठेवल्या. त्या ठेवायला या वहीत जागाच नव्हती.

"आई," दादा म्हणाला, "आता तुझ्यासाठी वर घेऊन येऊ? फक्त तुझ्यासाठी."

"आत्ता नाही. तू आत्ताच लिहिलंस ना, आहे म्हणून? ते आधी बघा. मग या. दोघं या. जिना अरुंद आहे, एकामागे एक चढा." ती बूट घालायला वाकली. "मी कुठे जातेय?"

*

सूचना ताईने टाइप केली. मजकुरावर पुन्हा दहा मिनिटं गेली. कारण लिहायचं की नाही, यावर दादा म्हणाला लिहू, धाकटा म्हणाला नको, मग धाकटा म्हणाला लिहू आणि दादालाच धीर होईना. शेवटी दोनच ओळी राहिल्या: उद्या प्रभुभोजन होणार नाही. त्यामुळे सभा होणार नाही. ज्या जागी यादी लागायची होती तिथे पावणेपाचला ताईने तो कागद लावला आणि आत जाऊन खुर्चीवर बसली.

पहिले आले ते शिंपीकाका. मंडळातले सगळ्यात जुने सभासद, धाकट्याच्या बाजूचे, तीस वर्षं चर्चचे झगे शिवणारे. ते रोजच चारनंतर चर्चमध्ये डोकावत, पण आज शर्ट इस्त्रीचा होता. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचला, आणि मागे वळून पाहिलं तर धाकटा पायऱ्यांवर उभा होता. दादा त्याच्या मागे दारात होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"हा काय प्रकार?" शिंपीकाकांनी विचारलं. "सभा रद्द? आदल्या दिवशी?" मग त्यांनी आवाज खाली आणला, आपल्या माणसाशी बोलावं तसा. "पाळकाने केलं ना हे? हरणार हे कळलं असणार. सांग तू फक्त, मी आत्ता दहा जणांना फोन करतो."

धाकट्याला फक्त मान हलवायची होती. एवढंच पुरलं असतं. चौदा महिने कोणीही काहीही विचारलं तरी त्याच्याकडे हे एकच उत्तर तयार असायचं. त्याच्या बायकोने खिडकीतून ते सगळं पाहिलं.

"नाही काका," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी ठरवलंय."

"दोघांनी म्हणजे?"

"मी आणि दादाने."

शिंपीकाकांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "आणि आम्ही? वर्षभर तुझ्या मागे फिरलो ते? सोमवारी बिशपला काय कळवणार आहेस?"

"माहीत नाही," धाकटा म्हणाला. "खरंच माहीत नाही, काका."

मागून दादा एक पायरी उतरला, मग दुसरी, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि धाकट्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही माहीत नव्हतं. फाटकातून आणखी चौघं आत येत होती, दोन इकडची, दोन तिकडची, यादी बघायला, आणि त्या चौघांनाही हेच सांगायचं होतं.